के. आसिफ : अंधेरीत मुघल दरबार भरवणारा शिंपी

घाटकोपरहून वर्सोव्याला जाणारी मेट्रो साकीनाका, मरोळ नाका, चकाला अशी स्टेशनं मागे टाकत अंधेरीत येते. तिच्या खालून जाणारा अंधेरी-कुर्ला रोड म्हणजे रिक्षा, बस, गोदामं आणि ऑफिसांची न संपणारी गर्दी. याच रस्त्यावर एके काळी मोहन स्टुडिओ होता. आज तो राहिलेला नाही. पण भारतीय सिनेमानं पाहिलेला सर्वांत भव्य मुघल दरबार इथंच भरला होता. अकबर बादशहा इथंच तख्तावर बसला, अनारकली इथंच आरशांच्या महालात नाचली. हे सगळं ज्यानं उभं केलं, तो माणूस मुंबईत आला तेव्हा शिवणकाम करत होता. त्याचं नाव के. आसिफ.

‘मुघल-ए-आझम’ माहीत नाही असा माणूस आपल्याकडे शोधूनही सापडणार नाही. पण त्याच्या दिग्दर्शकाबद्दल विचारलं तर बहुतेकांना नावापलीकडे फारसं सांगता येत नाही. जेमतेम ४८ वर्षांचं आयुष्य, त्यात दिग्दर्शक म्हणून हातून पूर्ण झालेले सिनेमे फक्त दोन. त्यातल्या एकासाठी जवळपास १५ वर्षं गेली. फाळणी आली, पैसेवाला निघून गेला, नायक वारला, नायिका सोडून गेली. तरी हा गडी हटला नाही.

इटावा ते मुंबई

आसिफ यांचं मूळ नाव करीमुद्दीन आसिफ. जन्म १४ जून १९२२ रोजी उत्तर प्रदेशातल्या इटावा इथं. वडील डॉ. फझल करीम, आई बीबी गुलाम फातिमा. शिक्षण फार झालं नाही, आठवीच्या आसपास शाळा सुटली. योगायोग असा की, ज्या नाटकावर पुढे त्यांचं सारं आयुष्य बेतलं जाणार होतं, ते इम्तियाज अली ताज यांचं ‘अनारकली’ हे उर्दू नाटकही १९२२चंच.

मुंबईत त्यांचे जवळचे नातेवाईक नझीर हे त्या काळातले नावाजलेले अभिनेते होते. त्यांच्या आधारानं आसिफ या शहरात आले. सुरुवातीला पोटासाठी कपडे शिवण्याचं काम केलं. सिनेमाच्या दुनियेत वावर वाढला तो नझीर यांच्यामुळे. मात्र सिनेमा कसा काढतात, याचं रीतसर शिक्षण त्यांनी कुठंही घेतलं नाही. कोणत्या मोठ्या दिग्दर्शकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं उमेदवारीही केली नाही. जे काही शिकले ते डोळ्यांनी बघून आणि माणसं जोडून.

पहिलाच सिनेमा ताऱ्यांनी भरलेला

१९४५ साली आसिफ यांचा पहिला सिनेमा आला. नाव ‘फूल’. दिग्दर्शकाचं वय अवघं २२-२३. आणि पडद्यावर कोण कोण? पृथ्वीराज कपूर, सुरैया, वीणा, दुर्गा खोटे, याकूब, मझहर खान, सितारा देवी. लेखन कमाल अमरोही यांचं. हिंदी सिनेमात अनेक मोठे कलाकार एकाच सिनेमात घेण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांमध्ये ‘फूल’चं नाव घेतलं जातं.

हे एकाएकी कसं शक्य झालं, तेही समजून घ्यायला हवं. त्याआधी नट-नट्या स्टुडिओच्या पगारी नोकर असायच्या. महिन्याला ठरलेली रक्कम, काम त्याच स्टुडिओत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाजारात झटपट पैसा आला आणि तो सिनेमाकडे वळला. स्वतंत्र निर्माते मोठ्या रकमा देऊ लागले आणि कलाकार स्टुडिओच्या बाहेर पडून सिनेमागणिक करार करू लागले. म्हणजे पैसे आणि हिंमत असेल तर कुणालाही कितीही तारे एकत्र आणता येणार होते. पैसे दुसऱ्याचे होते, हिंमत आसिफ यांची.

अकबर गेला, सलीम बदलला, पैसेवाला निघून गेला

‘फूल’च्याच सुमारास आसिफ यांच्या डोक्यात अनारकलीची कथा घुमू लागली होती. निर्माते शिराझ अली हकीम पैसे लावायला तयार झाले. अकबराच्या भूमिकेत चंद्रमोहन, सलीम म्हणून डी. के. सप्रू आणि अनारकली म्हणून नर्गिस अशी निवड झाली. बॉम्बे टॉकीजच्या स्टुडिओत, म्हणजे मालाडला, काम सुरूही झालं. तरुण दिलीपकुमारचं नावही तेव्हा पुढे आलं होतं, पण सलीमच्या भूमिकेत तो आसिफ यांना पटला नव्हता.

मग १९४७ उजाडलं. देशाची फाळणी झाली. शिराझ अली हकीम पाकिस्तानात निघून गेले. ज्यांच्या आधारानं आसिफ मुंबईत आले होते, ते नझीरही तिकडेच गेले. कितीतरी कलाकार, लेखक, गायिका, तंत्रज्ञ मुंबई सोडून लाहोर-कराचीला गेले. आसिफ इथंच राहिले. हाती अर्धवट सिनेमा, पैसे देणारा कुणी नाही. त्यात एप्रिल १९४९मध्ये चंद्रमोहन यांचं निधन झालं. अकबरच राहिला नाही म्हटल्यावर चित्रीकरणाचा सारा खर्च पाण्यात गेला.

दुसरा कुणी असता तर त्यानं इथंच फाईल बंद केली असती. आसिफ यांनी मधल्या काळात ‘हलचल’ (१९५१) हा सिनेमा निर्माता म्हणून काढला. त्यात दिलीपकुमार आणि नर्गिस होते, दिग्दर्शन एस. के. ओझा यांचं. पण मन अनारकलीतच अडकलेलं.

जाण्यापूर्वी हकीम यांनी एक नाव सुचवलं होतं, शापूरजी पालनजी मिस्त्री. हे पारशी गृहस्थ बांधकाम व्यवसायातले बडे आसामी. सिनेमाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. पण अकबर बादशहाबद्दल त्यांना विलक्षण कुतूहल होतं. तेवढ्या एका धाग्यावर आसिफ यांनी त्यांना राजी केलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सिनेमा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. या वेळी मुक्काम अंधेरीच्या मोहन स्टुडिओत.

कोण कोण होतं या दरबारात

नवी यादी अशी ठरली. अकबर पृथ्वीराज कपूर, सलीम दिलीपकुमार, अनारकली मधुबाला, जोधाबाई दुर्गा खोटे, बहार निगार सुलताना, दुर्जनसिंह अजित. त्यांच्या मागे मुराद, एम. कुमार, सुरेंद्र, जिल्लोबाई, शीला दलाया. लहानपणीचा सलीम जलाल आगा. अगदी जॉनी वॉकरही एका छोट्या भूमिकेत. नावं वाचतानाच दम लागावा अशी ही भरती.

जरा या यादीकडे नीट बघा. दिलीपकुमार म्हणजे पेशावरचे युसुफ खान. मधुबाला म्हणजे मुमताज जहान देहलवी. रजपूत दुर्जनसिंह साकारणारे अजित म्हणजे हैदराबादचे हमीद अली खान. तर बादशहा अकबर साकारला पृथ्वीराज कपूर यांनी, आणि सम्राज्ञी झाल्या मुंबईच्या मराठी दुर्गाबाई खोटे. या त्याच दुर्गाबाई, ज्यांनी १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मधून प्रतिष्ठित घरातल्या स्त्रियांसाठी सिनेमाचं दार उघडलं होतं. पडद्यामागेही तेच. पैसा पारशी माणसाचा, संगीत लखनौच्या नौशाद यांचं, शब्द शकील बदायुनी यांचे, आवाज लता मंगेशकर यांचा. जन्माष्टमीच्या प्रसंगातलं राधा-कृष्णाचं गाणं नौशाद यांनी बांधलं, लतादीदींनी गायलं, नृत्य लच्छू महाराजांनी बसवलं आणि पडद्यावर ते नाचली मधुबाला. फाळणीला दहा-बारा वर्षंही उलटली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे.

संवादांसाठीही एकट्यावर भिस्त ठेवली नाही. अमान, वजाहत मिर्झा, एहसान रिझवी आणि कमाल अमरोही असे चार लेखक कामाला लावले. चार नावाजलेल्या लेखकांना एका टेबलाभोवती बसवून एकाच सुरात लिहायला लावणं हे सोपं काम नाही. सिनेमा बघताना मात्र कुठला संवाद कुणाचा ते ओळखता येत नाही.

तारखांचा घोळ आणि मनांचाही

एवढे मोठे कलाकार गोळा करणं एक वेळ सोपं, त्यांना एकाच दिवशी सेटवर आणणं महाकठीण. पृथ्वीराज कपूर तेव्हा आपली ‘पृथ्वी थिएटर्स’ ही नाटक मंडळी घेऊन गावोगाव फिरत होते. दिलीपकुमार ‘देवदास’, ‘नया दौर’, ‘मधुमती’मध्ये गुंतलेले. मधुबाला ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘हावडा ब्रिज’, ‘चलती का नाम गाडी’ करत होती. या मंडळींचे किती तरी सिनेमे सुरू होऊन, पूर्ण होऊन, थिएटरातून उतरलेही आणि आसिफ यांचा सिनेमा अजून चालूच. एरवी सिनेमाला फार तर सव्वाशे दिवसांचं चित्रीकरण लागायचं, याला पाचशे दिवस लागले असं सांगितलं जातं.

त्यात आणखी एक भर. सुरुवातीला प्रत्येक प्रसंग तीन वेळा चित्रित व्हायचा. एकदा हिंदुस्तानीत, एकदा तमिळमध्ये आणि एकदा इंग्रजीत. तमिळ आवृत्ती पुढे ‘अकबर’ नावानं आली आणि पडली. इंग्रजीचा विचार त्यानंतर सोडून देण्यात आला.

दरम्यान १९५३मध्ये याच कथेवरचा फिल्मिस्तानचा ‘अनारकली’ प्रदर्शित होऊन जोरात चाललाही. बीना राय आणि प्रदीपकुमार त्यात होते. लोकांनी कथा पाहून झाली होती. आसिफ तरीही थांबले नाहीत.

आणि मनांचं काय सांगावं? चित्रीकरण सुरू झालं तेव्हा दिलीपकुमार आणि मधुबाला यांचं एकमेकांवर प्रेम होतं. चित्रीकरण संपत आलं तेव्हा दोघं बोलतही नव्हते. १९५७मध्ये ‘नया दौर’वरून बी. आर. चोप्रा आणि मधुबाला यांचा वाद कोर्टात गेला आणि दिलीपकुमारनं मधुबालाच्या विरोधात साक्ष दिली. तरीही हिंदी सिनेमातले सर्वांत नाजूक मानले जाणारे प्रेमप्रसंग या दोघांनी याच सेटवर दिले. पडद्यावर त्याचा मागमूस दिसत नाही.

मधुबालाच्या हृदयात दोष होता. तशाही अवस्थेत कैदखान्यातल्या प्रसंगांसाठी तिच्या अंगावर खऱ्या लोखंडी साखळ्या चढवल्या गेल्या. त्यांच्या वजनानं तिची कातडी सोलवटली. आसिफ यांना सगळं खरं हवं होतं. पण त्या खरेपणाची किंमत प्रत्येक वेळी त्यांनीच मोजली असं नाही. हेही त्यांच्या चरित्रात नोंदवायला हवं. मधुबाला २३ फेब्रुवारी १९६९ रोजी वयाच्या ३६व्या वर्षी गेली.

आठ हजार सैनिक, दोन हजार उंट

बाप-लेकाच्या युद्धाचा प्रसंग म्हणजे या सिनेमाचा कणा. आज कॉम्प्युटरवर हवं तेवढं सैन्य उभं करता येतं. तेव्हा एक भाला दाखवायचा तर एक माणूस उभा करावा लागायचा. आसिफ यांनी संरक्षण मंत्रालयाकडे धाव घेतली आणि भारतीय लष्कराच्या जयपूर घोडदळाचे जवान मिळवले. या प्रसंगासाठी दोन हजार उंट, चारशे घोडे आणि आठ हजार सैनिक वापरल्याची नोंद आहे. त्यातले बरेच जण लष्करातले खरे जवान होते. पृथ्वीराज कपूर यांनी अंगावर खरं लोखंडी चिलखत घातलं, तेही राजस्थानच्या उन्हात. सलीमसाठी मन्नत मागायला अकबर वाळवंटातून सलीम चिश्ती यांच्याकडे जातो, त्या प्रसंगात तापलेल्या वाळूवर ते खरोखर अनवाणी चालले. त्यांच्या पायांना फोड आले होते.

इथं शिंप्याची नजर दिसते. कपडे शिवायला दिल्लीहून कारागीर आणले. भरतकाम सुरतच्या कारागिरांकडून, दागिने हैदराबादच्या सोनारांकडून, हत्यारं राजस्थानातल्या लोहारांकडून, जोडे आग्ऱ्याहून. मुकुट घडवले आपल्या कोल्हापूरच्या कारागिरांनी. जन्माष्टमीच्या प्रसंगातली कृष्णाची मूर्ती सोन्याची होती. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या रंगात सोनं काय आणि पितळ काय, सारखंच दिसणार, असं कुणालाही वाटेल. आसिफ यांचा हिशेब वेगळा होता. अंगावर खरं वजन असेल तर नट चालतो तसा, उभा राहतो तसा. खोटा मुकुट घातलेला बादशहा बादशहासारखी मान वळवत नाही, इतकी साधी ती गोष्ट.

आरशांचा महाल

अंधेरीत उभारलेला शीशमहाल हा या सगळ्याचा कळस. लाहोरच्या किल्ल्यातल्या शीशमहालावरून त्याची कल्पना घेतलेली. लांबी १५० फूट, रुंदी ८० फूट, उंची ३५ फूट. कलादिग्दर्शक एम. के. सय्यद. रंगीत काच बेल्जियमहून मागवली आणि काचकामासाठी फिरोझाबादचे कारागीर बोलावले. सेट उभारायला दोन वर्षं लागली आणि खर्च १५ लाखांच्या वर गेला. त्या काळात तेवढ्या पैशांत एक अख्खा सिनेमा निघत असे.

पैसे लावणाऱ्यांचा धीर सुटणं साहजिक होतं. आसिफ यांना बाजूला करून सोहराब मोदी यांच्याकडे काम सोपवावं, असाही विचार शापूरजींच्या मनात येऊन गेल्याचं सांगितलं जातं. पण तसं झालं नाही.

सेट झाला, आणि खरी अडचण पुढेच होती. हजारो आरशांवर स्टुडिओचे दिवे पडले की उजेड परत कॅमेऱ्यात घुसायचा. फिल्मवर नुसती चमक, माणूस दिसेनाच. परदेशातून सल्ला घेतला, तर इथं चित्रीकरण होऊच शकत नाही असं उत्तर आलं. छायाचित्रकार आर. डी. माथुर यांनी हार मानली नाही. आधी आरशांवर मेणाचा थर देऊन पाहिला. त्यानं चमक गेली, पण आरसेच आंधळे झाले. शेवटी दिवे थेट न लावता कापडाच्या पट्ट्यांवर टाकले आणि तिथून परतणारा मऊ उजेड सेटवर घेतला. काम फत्ते झालं. छतावरच्या प्रत्येक आरशात नाचणारी अनारकली आज आपण बघतो, ती या कापडाच्या पट्ट्यांची करामत. माथुर यांना पुढे त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

याच गाण्यासाठी शकील आणि नौशाद यांनी नौशाद यांच्या घरी रात्र जागवली. मुखडे लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. लता मंगेशकर यांच्या आवाजाला महालासारखा घुमारा हवा होता आणि आजच्यासारखी यंत्रं नव्हती. म्हणून गाण्याचा काही भाग बाथरूममध्ये उभं राहून ध्वनिमुद्रित झाल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे.

तानसेनच्या आवाजासाठी आसिफ यांना उस्ताद बडे गुलाम अली खाँच हवे होते. खाँसाहेब सिनेमासाठी गायला नाखूश. नकार सरळ द्यायचा नाही म्हणून त्यांनी एका गाण्याचे २५ हजार रुपये मागितले. तेव्हा रफी आणि लता यांच्यासारख्या अव्वल गायकांना एका गाण्याचे काहीशे रुपये मिळत. आसिफ यांनी क्षणभरही घासाघीस केली नाही. खाँसाहेबांना मग गावंच लागलं. सिनेमात त्यांची दोन गाणी आहेत.

रंगांचा मोह

काम संपत आलं होतं, तेवढ्यात रंगीत फिल्मचं तंत्र आटोक्यात आलं. आसिफ यांनी आधी एक गाणं रंगीत करून पाहिलं आणि ते त्याच्या प्रेमातच पडले. अख्खा सिनेमा पुन्हा रंगीत करायचा हट्ट त्यांनी धरला. या वेळी मात्र वितरकांनी हात जोडले. अखेर शीशमहालाचं गाणं आणि शेवटाकडचा काही भाग रंगीत ठेवून बाकी सिनेमा कृष्णधवल, असा तोडगा निघाला. आसिफ यांची ही इच्छा अपुरी राहिली. ती पूर्ण झाली २००४मध्ये. त्या वर्षी १२ नोव्हेंबरला संपूर्ण रंगीत केलेला ‘मुघल-ए-आझम’ पुन्हा थिएटरात लागला. पण ते बघायला आसिफ नव्हते.

५ ऑगस्ट १९६०

सिनेमा देशभरातल्या १५० थिएटरांत एकाच वेळी लागला. खर्च सुमारे दीड कोटीवर पोहोचला होता. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरला मुघल महालाचं रूप देण्यात आलं. दारात पृथ्वीराज कपूर यांचा ४० फुटी कटआउट. सिनेमाची रिळं सजवलेल्या हत्तीवरून आणली गेली. निमंत्रणपत्रिकाही शाही फर्मानासारख्या, उर्दूत लिहिलेल्या. बुकिंग उघडलं तेव्हा हजारो माणसं लोटली. लोक रात्रंदिवस रांगेतच राहिले, घरचे डबे रांगेत येऊ लागले. पोलिसांना बोलवावं लागलं. मराठा मंदिरात सिनेमा तीन वर्षं चालला. कमाईचा त्याचा विक्रम मोडायला १५ वर्षं जावी लागली, १९७५मध्ये ‘शोले’ आला तेव्हा.

हिंदीतल्या सर्वोत्कृष्ट सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्मफेअरनं सर्वोत्कृष्ट सिनेमा, संवाद आणि छायाचित्रण असे तीन पुरस्कार दिले. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मात्र आसिफ यांना मिळाला नाही. तो बिमल रॉय यांना ‘परख’साठी मिळाला. गंमत म्हणजे बिमलदांच्या कंपनीचं बस्तानही अंधेरीच्या याच मोहन स्टुडिओत होतं.

इतिहासाच्या दृष्टीनं सिनेमावर टीका झाली, आजही होते. ती गैर नाही. अकबराच्या दरबारी बखरींत अनारकलीचा पत्ता नाही. सलीमनं बापाविरुद्ध बंड केलं हे खरं, त्यानं अलाहाबादेत आपला दरबारही थाटला होता. पण ते बंड तख्तासाठी होतं, एका कनिजेसाठी नव्हे. आसिफ यांनी इतिहास नाही, दंतकथा सांगितली. सिनेमाची सुरुवातच हिंदुस्तानच्या नकाशातून उमटणाऱ्या आवाजानं होते. फाळणीनंतरच्या प्रेक्षकासमोर त्यांनी मुघलांना परके आक्रमक म्हणून नाही, तर या मातीत मिसळलेले म्हणून उभं केलं. जोधाबाईच्या महालात जन्माष्टमी साजरी होते आणि बादशहा पाळण्याची दोरी ओढतो, हे दृश्य त्या काळात फार मोठं विधान होतं. आज तर ते आणखी मोठं वाटतं.

घरचा हिशेब

कामात इतका हट्टी असलेला हा माणूस घरच्या बाबतीत तितका काटेकोर नव्हता. कथ्थक नर्तकी सितारा देवी, ‘मुघल-ए-आझम’मधली बहार झालेल्या निगार सुलताना यांच्याशी त्यांची लग्नं झाली होती. पुढे त्यांनी दिलीपकुमारच्या बहिणीशी निकाह केला. हे दिलीपकुमारला अजिबात पटलं नाही. मैत्री तुटली ती कायमची. ज्या सिनेमासाठी दोघांनी आपली उमेदीची वर्षं दिली, त्याच्या प्रीमियरला सलीमच हजर नव्हता.

कोट्यवधींचा सिनेमा काढणाऱ्या आसिफ यांची राहणी मात्र साधी होती. त्यांच्याबरोबर काम केलेल्या लोकांनी आठवणी सांगून ठेवल्या आहेत. राहायला भाड्याचं घर, अंगात पांढरे कपडे, हातात सिगारेट आणि फिरायला टॅक्सी. पैसा आला तो सेटवर गेला.

अपुरी राहिलेली मोहब्बत

यानंतर त्यांनी लैला-मजनूची कथा हाती घेतली. ‘लव्ह अँड गॉड’. या वेळी सिनेमा पहिल्यापासून रंगीत. १९६३मध्ये गुरुदत्त आणि निम्मी यांना घेऊन काम सुरू झालं. १० ऑक्टोबर १९६४ रोजी गुरुदत्त गेले. पुन्हा तेच, नायक वारला आणि सिनेमा अर्ध्यावर. चंद्रमोहन यांच्या वेळची कहाणी जणू परत आली. मधल्या काळात ‘सस्ता खून महंगा पानी’ नावाचा एक सिनेमा सुरू करून तोही सोडून द्यावा लागला. अखेर संजीवकुमारला मजनू म्हणून घेऊन ‘लव्ह अँड गॉड’ नव्यानं सुरू झाला.

पण या वेळी वेळ आसिफ यांचीच आली होती. ९ मार्च १९७१ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्यानं त्यांचा इंतकाल झाला. वय ४८.

ज्यांच्यामुळे दिलीपकुमारशी मैत्री तुटली होती, त्याच पत्नीनं पुढे हा अर्धवट सिनेमा लोकांसमोर आणण्यासाठी खटपट केली. निर्माते के. सी. बोकाडिया यांची मदत मिळाली आणि २७ मे १९८६ रोजी ‘लव्ह अँड गॉड’ जसा होता तसा प्रदर्शित झाला. तोवर संजीवकुमारही गेले होते. दिग्दर्शक नाही, पहिला मजनू नाही, दुसराही नाही. सिनेमा चालला नाही.

२००६मध्ये ‘मुघल-ए-आझम’ पाकिस्तानात प्रदर्शित झाला. ज्या फाळणीनं या सिनेमाचा पहिला पैसेवाला, पहिली जुळवाजुळव आणि आसिफ यांची जिवाभावाची माणसं हिरावून नेली, तिच्या पलीकडच्या बाजूलाही लोकांनी तिकीट काढून अंधेरीतला तो शीशमहाल पाहिला.

आठवीपर्यंत शिकलेल्या एका शिंप्यानं पेशावर, दिल्ली, हैदराबाद, लखनौ, कोल्हापूर आणि मुंबईची माणसं एका छताखाली आणली आणि वर्षानुवर्षं धरून ठेवली. सगळ्यांना शेवटपर्यंत धरून ठेवणं त्यांना जमलं नाही. काही मृत्यूनं नेली, काही त्यांच्याच वागण्यानं दुरावली. पण जे शिवलं ते इतकं पक्कं, की ६० वर्षांहून अधिक काळ गेला तरी त्याची एकही टाच उसवलेली नाही. पुढच्या वेळी अंधेरी-कुर्ला रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकलात, तर शेजारी बसलेल्या पोराला एवढं नक्की सांगा, की अकबर बादशहाचा दरबार इथंच कुठंतरी भरत होता.